नारिंगी बटण

कल्याणी रविवारी सकाळी धायरीच्या घरी पोचली, तेव्हा चहा कपातच गार झाला होता आणि बाबा आणि प्रज्ञेश एकमेकांकडे न बघता बसले होते.

“आली,” प्रज्ञेश म्हणाला. “आता हिलाच विचारा. माझं ऐकायचं नाही असं तुम्ही ठरवलंच आहे.”

“विचारणारच आहे,” बाबा म्हणाले. “ती शास्त्र शिकलीय. तू नुसता घाबरतोस.”

वाद नागपूरचा होता. दर दसऱ्याला बाबा आणि आई दीक्षाभूमीवर जात. धुऊन इस्त्री केलेले पांढरे कपडे, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रात्रभराची बस. पोरं लहान होती तेव्हा पोरांना घेऊन, पुढे दोघंच. चंद्रभागा, म्हणजे आई, मागच्या थंडीत गेली. या वर्षी बाबांना एकट्यानं जायचं होतं, आणि धाकटा प्रज्ञेश, ज्याच्या घरात ते राहत होते, तो नाही म्हणत होता.

“लाखो माणसं असतात तिथे, ताई. आणि हे मागच्या महिन्यात दाढी करायला म्हणून निघाले ते पार चार स्टॉप पुढे, नांदेड फाट्यावर सापडले. भाजीवाल्यानं रिक्षात बसवून आणलं.”

“सापडले म्हणजे? मी काय विसरलेली छत्री आहे? फिरायला गेलो होतो. ऊन लागलं म्हणून त्या भाजीवाल्याजवळ बसलो, तर त्यानं उचलूनच आणलं. भला माणूस.”

“पेपर उघडतात, पण वाचत नाहीत. तासभर एकच पान.”

“त्या पेपरात पान उलटण्यासारखं असतं काय?”

कल्याणीला हसू आलं. अक्षता, प्रज्ञेशची बायको, दारात उभी होती. ती मात्र हसली नाही. ते कल्याणीनं पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं तेव्हा तिला सुचलं नाही.

बाबा वाचत नाहीत, हे तिला पटणंच शक्य नव्हतं. बाबांचं कचरू हे नाव आजीनं पोर जगावं म्हणून ठेवलेलं. पण त्या पोरानं शाळा सोडली नाही, आणि पुढे तो खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात चिकटला. धरणाच्या पाण्याची पातळी बघायची, आकडा लिहायचा, फोनवरून वर कळवायचा, असं त्यांचं काम. वाचणं हीच नोकरी. आणि नोकरीबाहेरही तेच. बसमधून जाताना दिसेल ती पाटी ते मोठ्यानं वाचत: ‘येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील’, ‘कुत्र्यापासून सावध राहा’, ‘प्लॉट विकणे नाही’. लहानपणी कल्याणीला लाज वाटायची. आजोबांना, बाबांच्या वडिलांना, एकही पाटी वाचता येत नव्हती, म्हणून हा माणूस सगळ्या पाट्या वाचून दाखवतो, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं.

“तू सांग, कल्याणी,” बाबा म्हणाले. “तू म्हणशील ते मी ऐकेन. आणि ह्यानंही ऐकायचं.”

“मान्य,” प्रज्ञेश म्हणाला. त्याच्या आवाजात हार नव्हती, थकवा होता.

निकाल द्यायचा तर मोजमाप हवं. आणि मोजायचं साधन कल्याणीच्या पिशवीतच होतं.

तिचं काम डायलॉग बॉक्सचं. संगणकावर काही करत असताना मध्येच उघडणारी, प्रश्न विचारणारी आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकू न देणारी ती छोटी चौकट. खराडीच्या कंपनीत ती असल्या चौकटी आखत असे. प्रश्न किती शब्दांत विचारायचा, बटणांवर काय लिहायचं, कुठलं बटण डोळ्यांत भरायला हवं. एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेऊन हे कसलं काम करतेस, असं लोक विचारत. ती सांगे, माणूस कुठे अडखळतो ते मोजायचं, अडखळण्याचं कारण काढून टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. काम मापनाचंच आहे. तिची एक शिस्त होती. बटणांवर नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ कधी लिहायचं नाही, क्रियाच लिहायची: ‘तिकीट काढा’, ‘मागे जा’. आणि बहुतेकांना जे हवं असतं ते बटण नारिंगी करायचं, दुसरं पांढरं ठेवायचं. म्हणजे घाईतला माणूसही चुकत नाही.

त्या दिवसांत ती एका खासगी बस कंपनीच्या तिकीट यंत्रावर काम करत होती. स्टँडवर ठेवायचं, बोटानं चालणारं, मराठीतलं. असली यंत्रं तेव्हा नवीन होती. पडद्यावर काही उतरवण्याआधी ती सगळ्या चौकटी कागदावर काढी, स्केचपेननं रंगवी आणि बाबांसमोर एकेक ठेवत जाई. हे तिनं पहिल्या नोकरीपासून केलं होतं. बाबा बोट ठेवत, ती कागद बदले. ऑफिसात तर म्हणायचीच पद्धत पडली होती: “बाबा पास झाले का? मग पुढे पाठवा.”

तिनं चटईवर कागद मांडले.

“बाबा, नागपूरचं तिकीट काढून दाखवा.”

बाबांनी चष्मा लावला. पहिल्या कागदावर गावांची नावं होती. “नागपूर,” असं म्हणत त्यांनी बोट ठेवलं. मग चौकटी आल्या. ‘एक प्रवासी. बरोबर आहे का?’ बोट. ‘खिडकीजवळची जागा हवी का?’ बोट. ‘तिकीट काढायचं का?’ बोट. एकदाही चुकले नाहीत, एकदाही थांबले नाहीत. शेवटचा कागद ठेवला तसे ते प्रज्ञेशकडे बघून म्हणाले, “पोचलो बरं का नागपूरला. तुझ्यासाठी संत्री आणू का बर्फी?”

कल्याणीनं कागद गोळा केले. “जाऊ दे त्यांना,” ती भावाला म्हणाली. “मी रोज माणसं बघते. चाळिशीतली माणसं ह्याच्या निम्म्या वेगानंही करत नाहीत. आई गेल्यापासून गप्प असतात, एवढंच आहे.”

अक्षतानं गार चहा आत नेला. बाबांनी मात्र उठून कपाट उघडलं आणि पांढरा सदरा काढून त्याच्या घड्या नीट आहेत का ते बघितलं.

बुधवारी ऑफिसात यंत्राची चाचणी होती. बाहेरची माणसं बोलवायची, यंत्रापुढे बसवायची, आणि ती काय करतात ते बघायचं. एक नियम कडक असे: मदत करायची नाही. माणूस चुकला तरी गप्प बसायचं, कारण परीक्षा माणसाची नाही, यंत्राची. कल्याणी शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होती. तिच्या हाताखालची उत्कर्षा आत प्रश्न विचारत होती.

आलेल्या बाईंचं नाव मंदाकिनी. शाळेतून निवृत्त, कडक इस्त्रीची सुती साडी, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्यांनी बघता बघता साताऱ्याचं तिकीट काढलं आणि हात झटकले.

“वॉव, काकू, सुपरफास्ट!” उत्कर्षा म्हणाली. “आता मला सांगा, शेवटच्या बॉक्समध्ये काय लिहिलं होतं?”

“कोण जाणे.”

“म्हणजे... वाचलं नाहीत?”

“वाचायला मी ग्रंथालयात जाते. इथे तिकीट काढायला आले.”

“मग तुम्हाला कसं कळलं, कुठलं बटण प्रेस करायचं?”

मंदाकिनीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हीच एक रंगवून ठेवलंय. उत्तर आधी सांगून ठेवायचं आणि मग प्रश्न विचारायचा. आमच्या शाळेत ह्याला कॉपी म्हणायचे.”

शेजारच्या खोलीत सगळे हसले. कल्याणीही हसली. लोक चौकटी वाचत नाहीत, हे ह्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. तिनं स्वतः ते कित्येकांना शिकवलं होतं. नारिंगी रंग त्यासाठीच तर होता. हसता हसता तिला चटईवरचं बाबांचं बोट दिसलं. एकदाही न थांबलेलं.

पुढचे दोघे काय करून गेले ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

जागेवर परतल्यावर तिनं स्वतःला समजावून पाहिलं. मंदाकिनीबाई वाचत नाहीत, कारण त्यांना गरज नाही. बाबांचंही तसंच असेल. न वाचणं वेगळं आणि वाचता न येणं वेगळं. पण दोन्हीत बोट तसंच पडतं. तिच्या कागदांवरून फरक कळण्याची सोयच नव्हती. तिनं रविवारी बाबांना मोजलंच नव्हतं. स्वतःची चौकट चांगली आहे एवढंच मोजलं होतं, आणि त्यावर भावाला, जो रोज त्या माणसाबरोबर जेवतो, त्याला गप्प केलं होतं. आधीच्या रविवारीही हेच झालं होतं का? त्याच्या आधीच्या? बाबा किती दिवस रंगावर चालले होते?

फरक कळायचा तर नवे कागद लागणार होते. एका कागदावर तिनं लिहिलं: ‘नागपूरचं तिकीट रद्द करायचं का?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘राहू द्या’. आणि नारिंगी रंग ‘रद्द करा’ला दिला. असली चौकट म्हणजे लबाडी, माणसाला फसवायचा सापळा. कुठल्याही नवशिक्यानं केली असती तर तिनं फाडून टाकली असती. दुसऱ्या कागदावर तोच प्रश्न, तीच बटणं, फक्त दोन्ही पांढरी.

रविवारी ती गेली तेव्हा प्रज्ञेश आणि अक्षता बाजारात गेले होते. तिनं मुद्दाम ती वेळ साधली होती. बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर पेपर. पिशवी बाजूला भरून ठेवलेली दिसत होती, दसऱ्याला अजून अवकाश असून.

“ये. कागद आणलेस? आण, आण.” त्यांनी पेपर खाली ठेवला. चटईवर बसताना ते जरा घाईनंच बसले, लहान मूल पत्त्यांच्या डावाला बसतं तसे.

पहिले तीन-चार कागद नेहमीचे होते. बोट नेहमीसारखं पडत गेलं. मग तिनं तो कागद ठेवला.

बाबांनी ‘रद्द करा’वर बोट ठेवलं आणि पुढच्या कागदासाठी तिच्याकडे पाहिलं.

“बाबा, एकदा मोठ्यानं वाचा ना.”

“नागपूरचं तिकीट रद्द करायचं का,” त्यांनी वाचलं. स्पष्ट, एकेक अक्षर जागेवर. पाट्या वाचायचे तोच आवाज. “रद्द करा. राहू द्या.”

“मग तुम्हाला काय करायचंय?”

“जायचंय.”

“मग कुठलं दाबायचं?”

त्यांनी पुन्हा नारिंगीवर बोट ठेवलं. ह्या वेळी त्यांनी बोट उचललं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिनं चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. वर्षानुवर्षं परक्या माणसांपुढे जमलेलं ते काम तिला आज जमेना.

तिनं शेवटचा कागद ठेवला.

बाबांचं बोट एका बटणावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं, आणि मध्येच कागदावर टेकून राहिलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “ह्यातलं रंगवायचं राहिलंय गं तुझं.”

कल्याणी उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली. माठावर झाकण ठेवलं. परत आली तेव्हा बाबांनी सगळे कागद गोळा करून कडा जुळवून ठेवले होते.

“चुकलं ना माझं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मागच्या वेळी बरोबर होतं ना?”

“मागच्या वेळी मी रंगवून दिलं होतं.”

त्यांनी मान हलवली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती घरघरून बंद पडत होती.

“अक्षरं येतात,” बाबा म्हणाले. “तेवढं गेलेलं नाही. सगळी ओळखीची वाटतात. पण वाचून झालं की हातात काही उरत नाही. पाणी ओंजळीत घ्यावं आणि तोंडापर्यंत येईस्तो... तसं. आधी पेपरचं झालं. मग औषधाच्या बाटल्यांचं. तुझ्या कागदांचं एक बरं होतं. तू रंगवलंयस म्हणजे विचार करूनच रंगवलं असशील, म्हणून मी रंग बघायचो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस. तू कागद ठेवत होतीस.” त्यात टोमणा नव्हता. पाण्याचा आकडा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. “आणि तू खूश व्हायचीस.”

तिनं त्यांचा हात धरला. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाली, ह्याच आठवड्यात. ते जाऊ म्हणाले. काही गोळ्या असतात म्हणाली. असतील म्हणाले.

“आणि नागपूरला मी येते तुमच्याबरोबर. रजा टाकते. दोघं जाऊ.”

बाबांनी हात हळूच सोडवून घेतला. “नको.”

“का?”

“मी तुला न्यायचो. खांद्यावर. गर्दीत तुझी चप्पल पडली होती एकदा, आठवतं? तुझी आई पुढे, मी मागे. आता तू मला नेणार.” ते थांबले. “पुढच्या वर्षी न्यावंच लागेल तुला. तेव्हा मला हे काही वाटायचंही नाही, बघ. पण ह्या वर्षी वाटतंय. ह्या वर्षी मी माझा गेलो असतो, नाहीतर नाही.”

“बाबा, मी प्रज्ञेशला शब्द दिलाय तुमच्यासाठी. आता त्याला काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस. मी सांगतो.”

जिन्यावर पावलं वाजली. अक्षता भाजीच्या पिशव्या घेऊन आत आली, मागून प्रज्ञेश. चटईवर कागद, बहिणीचे लाल डोळे, बाबांची भरलेली पिशवी हे सगळं प्रज्ञेशनं एका नजरेत पाहिलं. तो चपला काढत तसाच उभा राहिला.

“प्रज्ञेश,” बाबा म्हणाले, “ह्या वर्षी नागपूर राहू दे रे. गुडघा धरलाय. बसमध्ये रात्रभर बसवायचं नाही.”

“गुडघा?”

“डावा. कल्याणी जा म्हणतेय, तिचं बरोबरच आहे. माझाच पाय नाही म्हणतोय.”

कल्याणीनं तोंड उघडलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात चटईवरून सरकून तिच्या हाताला लागला आणि तिथेच राहिला. ती गप्प बसली. तुझंच खरं होतं, हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते आज बोललं तर बाबांजवळ काहीच उरणार नव्हतं.

प्रज्ञेश तिच्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, हे तिला दिसत होतं. बहुधा पावसाळ्यापासूनच कळलेलं होतं. जिंकल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावर ती शोधत राहिली, म्हणजे तिला रागवायला काहीतरी मिळालं असतं. ती सापडली नाही. त्यानं खाली बसून बाबांच्या डाव्या पायाला हात लावला.

“सूज नाही दिसत.”

“आतून आहे,” बाबा म्हणाले.

“आतून असेल तर तेल लावायला हवं.” त्यानं मान वळवली. “अक्षता, तिळाचं तेल आहे का गं? जरा कोमट कर.”

अक्षता काही न विचारता आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. प्रज्ञेशनं नागपूरची पिशवी उचलली आणि उघडून न बघता कपाटाच्या वर ठेवली. मग भाजी निवडायला बसला.

वाटी आली ती कल्याणीनं पुढे होऊन घेतली. तिनं बाबांचं धोतर गुडघ्यापर्यंत सरकवलं. पाय अजून काटक होता. धरणाच्या पायऱ्या वर्षानुवर्षं चढून उतरून पोटरी दगडासारखी झालेली, गुडघ्याची वाटी सुबक, कुठे सूज नाही, कुठे वाकडेपण नाही. ह्या पायांनी हा माणूस सहज नागपूरला गेला असता. तिनं तळव्यावर तेल घेतलं आणि चोळायला सुरुवात केली, वरून खाली, मग गोल.

“हळू,” बाबा म्हणाले, आणि प्रज्ञेशला ऐकू जाईल इतपत कण्हले.